हाकाऱ्याचा तोल

प्रीतम बिलासपूरला गेला, तेव्हा जाताना आपला जादूगार रेणुकाच्या हवाली करून गेला.

सेलूच्या मोंढ्याजवळ हरिओमचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. दुकानावरच्या खोलीत रविवारी दुपारी चौघं जमायची. हरिओम, त्याची धाकटी बहीण निकिता, शिकवणीत गणित शिकवणारी रेणुका, आणि जिंतूर रोडवरच्या एका खेड्यातून एसटीनं येणारा प्रीतम. खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी तलवारवाली, कुणी चोर, कुणी वैदू. पुढं काय घडणार ते थोडं तुमच्या अकलेवर, थोडं वीस बाजूंच्या फाशावर. हरिओम नांदेडला शिकत असताना हा खेळ शिकून आला होता, म्हणून गोष्ट तोच सांगायचा.

या खेळात जादूगारांचे ठरलेले प्रकार असतात. त्यांना ही मंडळी क्लास म्हणत. प्रीतमला त्यातला एकही पटला नाही, म्हणून त्यानं स्वतःचाच बनवला. ज्वारी हुरड्यात आली की त्याची आई सारजाबाई शेतातल्या माळ्यावर उभी राहून पाखरं हाकलायची, आणि तिची आरोळी ओढ्यापलीकडं ऐकू जायची. त्यावरून त्यानं नाव ठेवलं हाकारी. हाकारी मंत्र म्हणत नाही, नुसती हाक मारतो. वाऱ्याला मारली की वारा येतो, वाघाला मारली की वाघ, नदीला मारली की नदी.

पहिल्याच लढाईत प्रीतमनं नदीला हाक मारली आणि हरिओमनं महिनाभर खपून उभी केलेली राक्षसांची फौज एका फेरीत वाहून गेली.

"ह्यानं हाक मारली की आमी काय चहा प्यायला जायचं का?" हरिओम वैतागला. "लय जड झालाय तुझा क्लास. आधी तोलात आण, मग खेळ."

तोलात आणायला प्रीतमला सवड मिळालीच नाही. रेल्वेत सहायक लोको पायलट म्हणून त्याची निवड झाली आणि पोस्टिंग निघालं बिलासपूरला. सेलूच्या प्लॅटफॉर्मवर सगळे पोचवायला आले होते. गाडी दिसायला लागली तसा तो रेणुकाजवळ आला.

"तुझं गणित पक्कंय. हाकाऱ्याला तूच तोलून ठेव. मी आलो की खेळतो."

"कधी येशील?"

"पूर्णा जंक्शनला बदली मागणार हाय की मी. पूर्णा किती लांब हाय?"

रेणुकानं हे शब्द तसेच्या तसे जपले. पूर्णा खरंच लांब नव्हती.

मग दर रविवारी ती स्वतःची तलवारवाली बाजूला ठेवून हाकारी खेळायला लागली. आधी तिनं हाकांवर बंधन घातलं, दिवसाला तीनच. पण त्या संपल्या की हाकारी रिकाम्या पोत्यासारखा बसून राही. मग तिनं प्रत्येक हाकेमागं थोडा जीव कमी होईल असं ठरवलं. तेव्हा वैदू झालेली निकिता कावली. "मी काय ह्या एकट्यालाच औषधं पाजत फिरू का?"

प्रत्येक बदल ती प्रीतमला फोनवर सांगायची. सुरुवातीला तो तासतासभर वाद घालायचा. नदीचं बळ कमी करू नको म्हणायचा, वाघ गेला तर चालेल. पुढं मालगाड्यांच्या ड्युट्या वाढल्या. फोन बंद लागायचा, आणि लागलाच तर पलीकडून "तू म्हणशील तसं" एवढंच यायचं. रेणुका त्याला बोलून निरोप पाठवायची आणि शिकवणी चालू असतानाही मधूनच फोन उलटा करून बघायची. फळ्यावर समीकरण अर्धं राहिलं की पोरी हसायच्या.

एका रविवारी ती खोलीत आली ती ठरवूनच.

"हाक मारली की लगेच कुणी येत न्हाई," ती म्हणाली. "यायला वेळ लागतो. वारा पुढच्या फेरीत. वाघ त्याच्या पुढच्या. नदीला तीन फेऱ्या. तवर हाकाऱ्यानं जागेवरून हलायचं न्हाई, लढायचं न्हाई. हलला की हाक वाया. बाकीच्यांनी त्याला सांभाळायचं."

त्या दुपारची लढाई संध्याकाळपर्यंत चालली. हरिओम खुर्ची सोडून उभा राहिला होता. राक्षस चहूकडून चालून येत होते, निकिता ओरडत होती, आणि मधे हाकारी नुसता उभा. शेवटी नदी आली तेव्हा कुणाच्याच अंगात जीव उरला नव्हता.

हरिओमनं फासा खाली ठेवला. "बसला बघ तोल!"

"हे कुठनं सुचलं गं तुला?" निकितानं विचारलं.

"असंच," रेणुका म्हणाली.

प्रीतमला तिनं हे फोनवर सांगितलं नाही. त्यानं स्वतः खेळून बघावं असं तिला वाटत होतं.

जानेवारीत तो सुट्टीवर आला. सारजाबाईंनी सगळ्यांना शेतात हुरड्याला बोलावलं. आगटीतून गरम कणसं निघत होती. सारजाबाई ती हातावर चोळून रेणुकापुढं ढीग घालत होत्या. "खा गं बाय, लय वाळलीस," म्हणत होत्या. प्रीतम अंगानं भरला होता. बोलण्यात अधूनमधून हिंदी येत होतं. रेणुका त्याच्याकडं बघायची आणि त्यानं बघितलं की कणसाकडं बघायची.

जेवणं झाली तशी लिंबाखाली सतरंजी पसरली आणि खेळ सुरू झाला. हाकारी प्रीतमकडं, तलवारवाली रेणुकाकडं. हाकेचा नवा नियम रेणुकानं त्याला तिथंच समजावला. खिंडीत एक अजस्र राक्षस आडवा आला. त्याच्यामागं गाव होतं. प्रीतमनं नदीला हाक मारली.

पहिली फेरी गेली. दुसऱ्या फेरीत हाकाऱ्यावरचा घाव तलवारवालीनं अंगावर घेतला आणि ती कोसळली.

"प्रीतम, हलू नको!" निकिता ओरडली. "एकच फेरी राहिलीय. येतीये नदी!"

प्रीतम फाशाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मी पळतो. तिला उचलून घेऊन पळतो."

"हाक वाया जाईल," हरिओम म्हणाला.

"जाऊ दे."

दोघं वाचली. गाव गेलं. निकिता रागावून उठून गेली, पण रेणुकाच्या छातीत काहीतरी उजळून निघालं होतं.

हात धुवायला प्रीतम आणि रेणुका ओढ्यावर गेली.

"क्लास लय भारी बनवलास," प्रीतम म्हणाला. "पण आता तो माझा न्हाई राहिला. मला असं थांबून राहायला जमत न्हाई, रेणुका. दोन फेऱ्यांत जीव घाबरा झाला."

"बदलीचं काय झालं?"

त्यानं पाण्यात हात हलवले. "मागितलीच न्हाई."

रेणुका काठावरच्या दगडावर बसली.

"तिकडं बरं वाटायलंय मला. रोज नवी लाइन, नवं स्टेशन. सांगायला पायजे होतं तुला."

"मी क्लाससाठी थांबले नव्हते, प्रीतम."

"म्हाईत हाय. म्हणून तर सांगायची हिंमत होईना."

"मग आत्ता मला उचलायला का पळालास?"

खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. "पडलेली बघवली न्हाई," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत निकितानं रेणुकाला खिडकीची जागा दिली आणि काही विचारलं नाही. सेलू येईपर्यंत रेणुका बाहेर बघत होती. मधे एकदा तिनं पदरानं डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाली. धूर कुठंच नव्हता. निकिता "हूं" म्हणाली.

तलवारवाली रेणुकानं निकिताला देऊन टाकली. रविवारी जिन्यावर पावलं वाजली की तिची मान तरीही वळायची. खालून चहावाला यायचा.

उन्हाळ्यात हरिओमनं हाकाऱ्याचे सगळे नियम इंटरनेटवरच्या मराठी खेळाडूंच्या ग्रुपवर टाकले. खाली बनवणाऱ्यांची दोन नावं लिहिली, प्रीतम आणि रेणुका. काही दिवसांनी इचलकरंजीच्या एका मुलीचा निरोप आला. आमच्याकडं हाकारी खेळणारे कंटाळतात, नदीसाठी तीन फेऱ्या फार होतात, एकच ठेवली तर चालेल का?

रेणुकानं सविस्तर उत्तर लिहिलं. मधे एकदा एकच फेरी ठेवून बघितली होती, बाकीचे मग आपापल्या लढाईला निघून जातात, हाकाऱ्याभोवती कुणी उभंच राहत नाही. दोन ठेवून बघा, पण त्याहून कमी नको.

त्या मुलीनं आभार मानले आणि विचारलं, "तुमच्याकडं हा कोण खेळतं?"

रेणुकानं प्रीतमचं नाव टाइप केलं आणि पुसून टाकलं. मग लिहिलं, "आता मीच खेळते."