हवेत थांबलेला जिना

गवंड्याने जन्मभर बैठी घरं बांधली. फार तर वर एक माळा. उंच इमारतींवर त्याचा पहिल्यापासून राग. "त्यात कसलं आलंय बांधकाम? एकावर एक खोकी रचायची!" असं येताजाता म्हणायचा. पण पोटची पोर तसल्याच साइटवर क्रेन चालवायला लागली आणि स्वारीचा सूर पार पालटला. आता न्हाव्याच्या खुर्चीत बसला तरी क्रेनचाच विषय. न्हावी बिचारा वस्तरा हातात धरून ऐकत राहायचा.

लेक आजवर लहान क्रेनवर होती. मोठ्या क्रेनचा चालक काम सोडून चालला होता, आणि त्याची खुर्ची तिला द्यायची की बाहेरून माणूस आणायचा, हे आज ठरणार होतं. संकुलातल्या सगळ्यात उंच इमारतीचा शेवटचा जिना परीक्षा म्हणून तिने मोठ्या क्रेनने वर चढवायचा होता. कामगारांच्या घरच्यांना बघायला बोलावलं होतं. गवंडी बायकोला घेऊन सगळ्यांच्या आधी हजर.

जिना कारखान्यातून अख्खा तयार होऊन आला होता. गवंड्याने पायऱ्या एकेक करून घडवण्यात उमेदीची वर्षं घालवलेली. तो जिन्याभोवती फिरला, कडांवरून बोट फिरवलं, खोड काही सापडेना. "बरा आहे," तो नाखुशीने म्हणाला.

"तुम्हाला कुणी विचारलं?" बायको म्हणाली. "चला त्या दोरीमागे, बघायला आलेल्यांची जागा तिथे आहे."

साखळ्या ताणल्या गेल्या आणि जिना जमिनीवरून सुटला. जराही हेलकावा नाही. एकेक मजला मागे टाकत तो चढू लागला. वर काचेच्या केबिनमध्ये एक ठिपका दिसत होता. तो ठिपका म्हणजे आपली लेक, या विचाराने गवंड्याचा ऊर भरून आला. मग त्याला राहवलं नाही. टाचा उंचावून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्याने जोरजोरात हलवले. "शाब्बास, पोरी!"

जिना हवेत थांबला.

इंजिनियर धावतच आला. "काका, काय केलंत हे? दोन्ही हात असे हलवले की आमच्यात त्याचा अर्थ 'धोका आहे, थांब'!"

गवंड्याचं तोंड पांढरं पडलं. एवढ्यात इंजिनियरच्या वॉकी-टॉकीतून लेकीचा आवाज आला. "साहेब, दोरीजवळ कुणीतरी थांब म्हणालं. काय झालंय ते बघा."

"काही नाही झालेलं. तुझे बाबा आहेत. आनंदाच्या भरात हात हलवले त्यांनी."

गवंड्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पोरीचं आयुष्य मार्गी लागायच्या वेळी बापानेच त्यात माती कालवली.

"असू देत, साहेब," लेक म्हणाली. आवाज अगदी शांत. "थांब त्यांनी सांगितलंय, तर चल पण त्यांनाच म्हणू देत. खाली सगळं मोकळं आहे का विचारा त्यांना."

इंजिनियरने वॉकी-टॉकी गवंड्याच्या तोंडापुढे धरला. गवंड्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वर पाहिलं. आयुष्यात कुठल्या भिंतीचा ओळंबा त्याने इतक्या काळजीने पाहिला नसेल.

"मोकळं आहे," तो म्हणाला. "ने, बाई."

जिना पुन्हा चढू लागला. इंजिनियर वर बघतच बोलला, "मागे एका चालकाला खालून कुणीतरी असाच हात केला होता. त्याला वाटलं, कुणी गंमत करतंय. थांबलाच नाही तो, आणि एक माणूस कायमचा अधू झाला. हिने विचारसुद्धा केला नाही, आधी थांबली. जिना बसू दे, काका. खुर्ची तिचीच."

गवंड्याने ऐकलं. वर जिना आपल्या जागेकडे हळूहळू सरकत होता. तो बसला तेव्हा सगळ्या साइटने टाळ्या वाजवल्या, बायकोनेही वाजवल्या. एकटा गवंडी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अहो, डोळे तरी पुसा," बायको हळूच म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत," गवंडी म्हणाला. "साखळ्या अजून सुटल्या नाहीत. ती खाली येईपर्यंत मी हात हलवायचा नाही."