पिवळ्या रेघेवरची सीट

आमच्या घरात मिक्सरला जागा आहे, चपलांना आहे, गॅस सिलिंडरलासुद्धा आहे. प्रत्येक जागेभोवती पिवळी टेप. माझा नवरा धनेश चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. वस्तू उचलली की पुन्हा टेपच्या आत ठेवायची, हा तिथला नियम त्याने मोशीच्या आमच्या दोन खोल्यांत आणून माझं डोकं उठवलंय.

गाडी घेतली त्याच दिवशी ड्रायव्हर सीटच्या रुळाशेजारी त्याने पिवळ्या मार्करने रेघ मारली. स्वतःच्या मापाची. तो सहा फूट, मी चार फूट अकरा.

मार्चपासून मी कुरुळीच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टची लाइन लीडर आहे. लीडरने साडेपाचला हजर राहायचं आणि कंपनीची बस पोचते पावणेसहाला. म्हणून मी गाडी नेते. पहाटे अंधारात सीट पुढे ओढायची. घाईत कधी सहा खटके, कधी आठ. खाली उशी सरकवायची, तिन्ही आरसे फिरवायचे. तरी क्लचला पाय पोचत नाही. नाशिक रोडवर मागे ट्रेलर हॉर्न मारतोय आणि मी सीटच्या काठावर बसून गाडी बंद पाडतेय! दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा झाला तर लीडर दुसरी कुणीतरी होईल, असं साहेबांनी तोंडावर सांगितलंय.

दुपारी परत आल्यावर सीट धनेशच्या रेघेवर लावायची, कारण त्याची सेकंड शिफ्ट. एकदा एक खटका चुकला तर फोन करून दहा मिनिटं ऐकवलं.

"मग रात्री आल्यावर तुम्ही माझ्यासाठी का नाही लावत?" मी भडकले.

"तुझं मार्किंग कुठंय? कशावर लावू?"

"मग करा की मार्किंग!"

रविवारी त्याने मला सीटवर बसवलं. क्लच तळापर्यंत दाबायला लावला, गुडघा किंचित वाकलेला राहतो का ते पाहिलं, बाजूची कळ ओढून सीट उंच केली. अशी कळ असते हे मला इतक्या महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. उशी काढून टाकली. पाठ टेकली, पाय पोचला, बॉनेट दिसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

"आता रोज तुझ्या मार्किंगवर लावून ठेवीन," म्हणत तो मार्कर घेऊन वाकला. मी वर जाऊन त्याच्यासाठी शिरा केला. संध्याकाळी तो पेट्रोल भरून आला.

सोमवारी पहाटे गाडीचं दार उघडलं. सीट मागेच. मोबाइलचा टॉर्च लावला. त्याच्या रेघेपुढे सुवाच्य अक्षरात 'धनेश'. माझी रेघही होती. तिच्यापुढे 'गेस्ट'.

शिऱ्यात घातलेलं तूप आठवून अंगाची लाही झाली. तशीच वर गेले, नेलपेंट रिमूव्हर आणि मार्कर घेऊन आले. दोन मिनिटांचं काम. मग सीट माझ्या रेघेवर आणली आणि निघाले. साडेपाचच्या आत कुरुळी. गाडी एकदाही बंद पडली नाही.

दुपारी किल्ली घेताना त्याने विचारलं, "सीट जाग्यावर लावलीस ना?"

"लावली."

मी जेवायला बसले तोच खालून फोन. "विजू, गुडघा फुटला माझा! सीट पुढेच आहे. आणि माझ्या नावाच्या जागी हे काय लिहिलंयस?"

"मार्किंग आहे ते, वाचा. गेस्टने आपली सीट आपणच मागे घ्यायची," मी म्हटलं आणि दुसरी पोळी वाढून घेतली.