तार सोडायची नाही

पाहुणे आले की तिचं बोलणं ठरलेलं असे. "आमच्या भागाची पहिली ताकद म्हणजे जागा. दुसरी, पाणी. तिसरी, रुळांचा फाटा थेट कारखान्याच्या दारापर्यंत. चौथी, वीज." एवढं म्हणून ती जराशी थांबे, पाहुण्यांच्या डोळ्यांत बघे आणि आवाज खाली आणून म्हणे, "आणि पाचवी, माणसं."

या पाठ केलेल्या बोलण्यामुळेच उद्योग मंडळाच्या कचेरीत तिला सगळे मैना म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. देवानं एकेकाला एकेक काम लावून दिलेलं असतं. हिच्या वाट्याला आपल्या गावाचे गोडवे गाणं आलं होतं, आणि ते ती मनापासून करी. पण कारखान्यासाठी जागा शोधणारे हे पाहुणे येत, बिस्किटं खात, माना डोलावत आणि गाडीत बसून जात. इकडे धुराड्यांवर कबुतरं बसत. शिकलेली पोरं एकेक करून बाहेरगावची वाट धरत. सगळ्यांत मोठा तारेचा कारखाना तर कधीचाच बंद पडला होता.

या खेपेला साहेबांच्या डोक्यात वेगळंच आलं.

"मैनाबाई, आपण माणसं माणसं म्हणतो आणि दाखवतो काय? कागद! लग्नाला नवरदेवाचा फोटो आणल्यासारखं झालं हे. या वेळी माणसंच दाखवू. तारेचा कारखाना एका दुपारपुरता उघडायचा, वीज जोडून घ्यायची, जुने कारागीर यंत्रांवर उभे करायचे. पाहुण्यांनी डोळ्यांनी बघू दे."

"ते आता म्हातारे झालेत, साहेब."

"सोनं म्हातारं होतं का? तुमचे वडील पहिल्या नंबरचे. ते आले की बाकीचे मागोमाग येतील."

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा आई भांडी पुसत होती. तिनं पातेलं जरा जोरातच ठेवलं.

"बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात. तू खरंच बाप दाखवायला निघालीस!"

"आई, एका दुपारचा प्रश्न आहे."

"तुला काय ठाऊक? जन्मभर त्या कारखान्यानं हा माणूस माझ्याकडून नेला. घरी यायचे ते नुसते झोपायला. आता कुठे माझ्या वाट्याला आलेत. हात थरथरतात, मला कधी त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारतात, पण घरात असतात गं. परत नको देऊस त्यांना तिकडे."

"जेवायच्या वेळेला परत आणते. माझा शब्द."

वडील खिडकीपाशी बसले होते. त्यांच्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडत होता. "जायचं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि लहान मुलासारखे हसले. पलंगाखालून त्यांनी आपले कामाचे जाड बूट ओढून काढले तेव्हा आईनं तोंड फिरवलं.

त्या दुपारी म्हातारे आले, आणि आले ते असे की बघणाऱ्याला हसूही यावं आणि भरूनही यावं. कुणी काठी टेकत, कुणी सुनेच्या हाताला धरून, एक तर कानटोपी घालून. फाटकात एकमेकांना बघून त्यांना जोर चढला.

"अरे, तू अजून आहेस?"

"तुला पोचवल्याशिवाय कसा जाईन?"

लांबलचक शेडमध्ये यंत्रं एकामागे एक उभी होती. जाड तार एका बाजूनं यायची, मधोमध भोक असलेल्या पोलादी ठोकळ्यातून, म्हणजे डायमधून, ओढली जायची आणि बारीक होऊन पुढच्या रिळावर बसायची. रिळाच्या अलीकडे कामगार उभा. त्याची दोन बोटं धावत्या तारेवर हलकेच टेकलेली. तार खरखरली की ती आधी बोटांना कळते, मग यंत्राला. आणि न कळता तुटली, तर ती चाबकासारखी उलटते आणि मागच्या यंत्रावरच्या माणसाला चिरून जाते. म्हणून तिथली एक रीत होती, आणि ती कुणी कधी मोडली नव्हती. बदलीच्या माणसानं मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "आलो." उभ्या असलेल्यानं म्हणायचं, "सांभाळ." मग बाजूला व्हायचं, मागे वळून न बघता निघायचं. बदली आल्याशिवाय तार सोडायची नाही. घरी कुणी आजारी असो, पोर जन्माला येवो. मैनेचा जन्म झाला तेव्हासुद्धा तिचे वडील तारेवरच होते.

वीज आली. यंत्रं कण्हली, मग गुणगुणायला लागली. मैनेनं बघितलं, तर वडिलांचा हात थरथरत नव्हता. कपातला चहा सांडणारा तोच हात तारेवर असा टेकला होता, जसा आजारी लेकराच्या कपाळावर आईचा टेकतो. पाठ सरळ झाली होती. सगळी रांगच्या रांग सरळ झाली होती. कुणी खोकत नव्हतं. कुणी पापणी लववत नव्हतं.

पाहुण्यांमध्ये राखाडी कोट घातलेली एक वयस्क बाई होती. बाकीचे काहीबाही विचारत होते, ही गप्प. ती प्रत्येकाच्या मागे जाऊन उभी राहायची आणि त्याच्या खांद्याकडे बघायची. शेवटी तिनं एकच विचारलं.

"यांना सोडवायला कोण येतं?"

"कोणी नाही!" साहेब हसले. "कार्यक्रम संपला की चहा पिऊन आपापल्या घरी."

"असं?" बाई म्हणाली, आणि तीही हसली.

मैनेनं तेव्हाच मनाशी कामांची यादी चाळली. खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला, पंखे पुसून घेतले, झाडलोट केली. पुढच्या शिफ्टच्या माणसांना कोण बोलावणार? कामगाराची लेक असून हे तिला सुचलं नव्हतं.

पाहुणे मंडळाच्या कचेरीत गेले. साहेबांनी मुख्य खटका खाली ओढला. दिवे गेले, पंखे गरगरत थांबले.

यंत्रं थांबली नाहीत.

"दुसरं बटण असेल," साहेब म्हणाले. दुसरं बटण नव्हतं. वायरमननं खांबावरून जोडच काढून टाकला. खाली उतरला आणि घाम पुसत नुसता बघत राहिला. तार धावत होती. रिळं भरत होती. ती गुणगुण आता यंत्रांची वाटत नव्हती. पुष्कळ माणसं तोंड मिटून एकच सूर धरून बसावीत, तशी वाटत होती.

"बाबा, झालं. चला."

वडील वळले नाहीत. "बदली नाही आली."

"बाबा, हा नुसता दाखवायचा कार्यक्रम होता. कारखाना बंद आहे. आई ताट वाढून बसली असेल."

"तार चालू आहे ना?" ते शांतपणे म्हणाले. "मग? माझ्या मागे माणूस उभा आहे, बाळ. सोडली तर त्याला लागेल."

त्या मागच्याच्या मागेही माणूस उभा होता. सगळे तसेच. कानटोपीवाल्याच्या मुलानं बापाचा दंड धरून ओढलं. ऐंशीच्या घरातला तो म्हातारा जागचा हलला नाही, जणू पाय जमिनीत रुजले होते. मुलगा घाबरून रडायला लागला. साहेब एकेकाच्या कानाशी जाऊन सांगत होते, "अहो काका, सुट्टी! सुट्टी झाली!" पण ती हाक ऐकणारे कान तिथे नव्हते.

जेवायची वेळ टळली. ऊन शेडच्या दारातून मागे सरलं. मैनेला दारात आई दिसली. पायात चपलाही नव्हत्या. 

मैना पुढे झाली. वडिलांच्या मागे उभी राहिली. लहानपणी शेडच्या दारात डबा घेऊन उभं राहताना हे तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आले."

"सांभाळ," वडील म्हणाले, आणि बाजूला झाले.

एका क्षणात ते पुन्हा म्हातारे झाले. गुडघे वाकले, हात थरथरू लागले. आईनं धावत येऊन त्यांना कवेत धरलं आणि दाराकडे नेलं. मागे वळून त्यांनी बघितलं नाही; रीतच तशी होती.

मैनेची दोन बोटं तारेवर टेकली होती. तार कोमट होती. आणि त्या तारेतून तिला सगळी रांग कळत होती: पुढच्याचा श्वास, मागच्याची भीती, कुणाच्या पोटातली भूक. कुणी तिला बांधलं नव्हतं. सोडायची म्हटलं तर सोडता आली असती. पण मागे कानटोपीवाला उभा होता, आणि त्याचं आयुष्य तिच्या बोटांच्या टोकावर होतं. हे कळल्यावर माणूस कसा सोडेल? तेव्हा तिला उमगलं, की बाबा जन्मभर घरी का आले नाहीत.

तिचं पाहून कानटोपीवाल्याचा मुलगा डोळे पुसत पुढे आला. मग एक सून. मग एक जावई. एकेक म्हातारा मोकळा झाला आणि त्याच्या जागी त्याच्या घरचं माणूस अडकलं. साहेब दारात उभे होते. त्यांना आत यायचा धीर नव्हता.

"आता आम्हाला कोण सोडवणार?" सून दबक्या आवाजात म्हणाली.

"कोणीतरी येईल," मैना म्हणाली. तिला स्वतःलाच ते खरं वाटलं नाही. मनातल्या मनात तिनं देवाचं नाव घेतलं.

दिवेलागणीला शेडच्या मागच्या टोकाकडून पावलं वाजली. तिकडे दार नव्हतं. जाड तळव्यांच्या बुटांची पावलं, पुष्कळ, निवांत, कामावर येणाऱ्या माणसांसारखी. कुणीतरी घसा खाकरला. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि दुसरा हसला. तंबाखूचा वास आला. सुनेनं तोंडावर हात दाबला, पण दुसरा हात तारेवरून उचलला नाही.

मैनेच्या खांद्यावर एक हात टेकला. विहिरीतल्या दगडासारखा गार. आणि फार जपून टेकलेला.

"आलो."

 "सांभाळा," ती म्हणाली, कारण आवाज वडीलधाऱ्याचा होता. ती बाजूला झाली आणि दाराकडे चालू लागली. मागे वळून बघितलं नाही. तिच्या मागोमाग बाकीचेही आले. बाहेर सगळ्यांनी एकमेकांना चाचपून पाहिलं. आत कुणीही राहिलं नव्हतं. शेड गुणगुणत होती.

फाटकापाशी राखाडी कोटातली बाई गाडीला टेकून उभी होती.

"आम्ही येतोय," ती साहेबांना म्हणाली. "वीज, पाणी, जागा पुष्कळ ठिकाणी मिळते हो. हे कुठे मिळत नाही. फक्त शिफ्ट तुटू देऊ नका."

साहेबांना हसावं की रडावं कळेना. ते सवयीनं म्हणाले, "धन्यवाद."

घरी वडील दोन घास जास्त जेवले. "तुला कोण सोडवायला आलं गं?" त्यांनी विचारलं.

"बघितलं नाही. हात गार होता. दोन बोटं नव्हती त्याला."

वडिलांचा चेहरा उजळला. "अरे, आपला भोपळ्या! वेळेचा पक्का. कधी मला ताटकळत ठेवलं नाही त्यानं."

आईचा हात ताटावर थांबला. "भोपळ्याला जाऊन किती वर्षं झाली," ती हळूच म्हणाली. 

पहाटे मैनेला जाग आली ती बुटांच्या आवाजानं. वडील कपडे करून दारापाशी बसले होते. आई दाराला पाठ लावून उभी होती, कडीवर हात घट्ट दाबून.

"नाही," आई म्हणत होती. "काल एकदा दिलं तुम्हाला तिकडे. आता नाही."

"अगं, ते रात्रभर उभे आहेत."

"मेलेली माणसं आहेत ती!"

"म्हणून काय उभंच ठेवायचं?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली.  दयाळू माणसाशी भांडणं फार कठीण. तिनं कडी काढली. मग आत जाऊन पोळी-भाजीचा डबा बांधून आणला आणि तो नवऱ्याच्या हातात न देता मैनेच्या हातात दिला.

"तू सोबत राहा. दुपारी तू उभी राहा, संध्याकाळी मी येईन. यांना घरी आणायचं. रोज."

"आई, तुला येतं का ते?"

"बोटं ठेवायची आणि मागच्याची काळजी करायची. बायकांना काय शिकवायचंय त्यात?"

रस्त्यावर अजून अंधुक होतं. भोंगा वाजला नव्हता, तरी गल्लीत एकामागून एक दारं उघडत होती. म्हातारे निघाले होते, त्यांच्या मागे सुना, मुलं, जावई.  फाटक सताड उघडं होतं.

शेडमध्ये कुणीच दिसत नव्हतं, फक्त तार धावत होती. वडील आपल्या यंत्रामागे गेले. समोर मोकळी हवा होती. त्यांनी ओळखीच्या उंचीवर हात उचलला आणि त्या हवेवर हलकेच ठेवला.

"आलो रे," ते म्हणाले.

मैना शेजारीच उभी होती. उत्तर तिला स्पष्ट ऐकू आलं. आणि त्या उत्तरानंतर, थकलेल्या माणसानं सोडावा तसा एक लांब सुस्कारा तिच्या कानाजवळून दाराकडे निघून गेला.