लेखाचा मालक

वकील चंद्रशेखर यांनी नोटीस दोन पानांत बसवली होती. फरहानानं ती काउंटरवर ठेवून पुन्हा एकदा वाचली.

दारव्ह्यात तिच्या वडिलांचं, जब्बारभाईंचं, फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचं दुकान होतं. तीन वर्षांपूर्वी तिनं दुकानाची वेबसाइट काढली आणि वडील सांगतील तसं एकेक काम लिहून तिथं टाकायला लागली. त्यातला 'तुंबलेलं नोझल घरी कसं साफ करावं' हा लेख उमरखेडच्या मंदार नावाच्या दुकानदारानं जसाच्या तसा उचलला, वर स्वतःचा फोटो लावला आणि व्हॉट्सॲपवर सोडून दिला. दारव्ह्याच्याच गिऱ्हाइकांनी तो तिला पाठवला, "पोरी, हे वाच, कामाचं आहे" म्हणून. ते तिला झोंबलं होतं.

"कर सही," वकील म्हणाले. "लेख ही दुकानाची मालमत्ता असते. आज लेख नेला, उद्या गिऱ्हाईक नेईल."

बाकड्यावर पंप खोलत बसलेले जब्बारभाई हसले. "वकीलसाहेब, मले ज्यानं शिकवलं त्या मिस्त्रीनं कधी नोटीस नाही धाडली. वाचून कोणी नोझल साफ केलं तर बिघडलं काय? मोटर जळली का येतेच इथं."

"फुकट द्या ना, अब्बा. पण फोटो त्याचा काहून? लिहून राह्यली मी, अन् शहाणा ठरून राह्यला तो!"

तिनं पेन उघडलं तेवढ्यात पंप खांद्याला लावून भीमसिंग आत आले. जवळच्या तांड्यावरचे, जुनं गिऱ्हाईक. उजवा डोळा लालभडक. ते २०१७ साल होतं. बोंडअळीनं कपाशी पोखरली होती, लोक फवारणीवर फवारणी करत होते, आणि त्यात विषबाधा झाल्याच्या बातम्यांनी पेपरचं जिल्ह्याचं पान भरत होतं.

"डॉक्टरकडं गेलते का?" जब्बारभाईंनी आधी तेच विचारलं.

"गेलतो. डोळा वाचला म्हणते." भीमसिंगांनी मोबाइल पुढं केला. "या उमरखेडवाल्यानं लिवलं तसंच केलं मी. बटन बंद केलं, नोझल खोललं, अन् फस्सकन तोंडावर! भेटू तर द्या त्याले."

मंदारचा हसरा फोटो. खाली फरहानाचा लेख. तिनं ती ओळ मोठ्यानं वाचली: "बटन बंद करा. मग नोझल फिरवून काढा."

"अन् मधलं?" जब्बारभाई म्हणाले. "बटन बंद केलं तरी पाइपात दाब राह्यते. ट्रिगर दाबून तो आधी सोडा लागते."

"हे तुम्ही सांगितलं नव्हतं, अब्बा."

"काहून? रोज तर करतो!"

करत होते. अंगठा आपसूक ट्रिगरवर जायचा, तोंड त्याबद्दल बोलायचं नाही. फरहानानं कान देऊन लिहून घेतलं होतं, हाताकडं पाहिलं नव्हतं.

भीमसिंग तोंड धुवायला बाहेर गेले, तसे वकील हळू आवाजात म्हणाले, "नोटीस राहू दे आता. लेख तुझा म्हटलास, की चूकही तुझी. सध्या ती त्याच्या फोटोखाली आहे, तिथंच बरी. आपल्या साइटवरची ओळ तेवढी बदलून टाक."

सल्ला शहाणपणाचा होता. साइटवरची ओळ एका मिनिटात बदलली असती. पण जो लेख मोबाइलवरून मोबाइलवर फिरत होता, त्यावर ना साइटचा पत्ता होता ना दुकानाचा नंबर. तो वाचणाऱ्याला ओळ बदलली हे कळायचं कसं? बाहेर भीमसिंग डोळ्यावर पाणी मारत होते. ते परत आल्यावर तिनं सांगून टाकलं, "काका, लेख माझा आहे. चूक माझीच."

"मंग हा फोटो कायले?"

"तो त्यानं लावला."

"वा रे वा! चोरी त्याची, चूक तुझी, अन् डोळा माहा!"

जब्बारभाईंनी भीमसिंगांचा पंप ओढून कामाला घेतला.

फरहानानं मंदारला फोन लावला. नाव ऐकताच तो सावध झाला. "ताई, इंटरनेटवरचं ज्ञान काही एकाच्या मालकीचं नसते."

"मालकीचं नंतर पाहू. त्यात एक पायरी सुटली आहे, माणसाच्या डोळ्यात औषध उडालं. दुरुस्त केलेला लेख पाठवते. जिथं जिथं टाकला, तिथं तिथं आजच टाका. फोटो ठेवायचा तर ठेवा."

"अन् लोक म्हणतील, आधी चुकीचं कसं लिवलं?"

"दारव्ह्याच्या फरहानाची चूक म्हणा. माझा नंबर द्या."

मंदारनं आवाज खाली आणला. "नोटीस तर नाही ना देणार?"

"टाकलं की कळवा, बस."

साइटवर तिनं लेखाच्या वर चूक लिहिली, तारीख घातली. खाली लिहिलं: कोणीही पाठवा, नाव लावा की लावू नका, पण पाठवाल तो याच तारखेचा पाठवा. वकिलांनी नोटिशीची घडी करून खिशात घातली. "खटला जिंकलो असतो आपण," ते जाताजाता म्हणाले.

चार वाजता मंदारचा लेख फिरून आला. फोटो गायब होता. वर ठळक अक्षरात: दारव्ह्याच्या फरहाना यांच्या लेखातील चूक. तिचं नाव पहिल्यांदाच इतकं लांब गेलं होतं. तिनं ते दोनदा वाचलं.

पाच वाजता ढाणकीहून अनोळखी फोन आला. "ते नोझलचं चुकीचं लिवणाऱ्या फरहानाबाई तुम्हीच का?"

"हो, मीच. बोला."

"नाही, माह्या पंपाचं झाकण गळून राह्यलं. म्हटलं, चूक सांगते तर हे बी खरं सांगन."