लेकाचा वाडगा

मी एक वाडगा आहे. जाडजूड, मातीचा, आतून हिरवट झिलईचा. ओपिश्निया गावच्या कुंभारानं मला चाकावरून उतरवताना जरा घाई केली, म्हणून मी एका अंगाला कललेला. बाजारात मला कुणी हात लावीना. शेवटी मोत्रियानं घेतलं, तेही तिचा छोटा लेक नाझार मला पोटाशी धरून जमिनीवर बसला आणि काही केल्या उठेना म्हणून.

तेव्हापासून मी नाझारचा. मोत्रियाचा बोर्श्च माझ्याइतका दुसऱ्या कुणी पचवला नसेल. बीट-कोबीचं ते लालभडक आंबटगोड सार, शेवटी त्यात लसणाबरोबर कुटून घातलेली जुनी चरबी, वर आंबट सायीचा गोळा. नाझार खाताना चमचा माझ्या कडेवर आपटायचा. आई ओरडली की आणखी जोरात आपटायचा. एकदा माझा टवका उडाला, तेव्हा मला फार राग आला होता. आता वाटतं, ये बाबा आणि आपट, फुटलो तरी चालेल.

नाझार मोठा झाला, लढाई सुरू झाली आणि तो सैन्यात गेला. पुढं सैन्याकडून निरोप आला, बेपत्ता. एवढाच एक शब्द. शेजारची पारास्का दबकत म्हणाली की, चर्चमध्ये एक मेणबत्ती तरी लावू या. मोत्रियानं तिला विचारलं, कुठल्या बाजूला लावायची, जिवंतांच्या की मेलेल्यांच्या?

मोत्रिया मला रोज धुवायची आणि फळीवर ठेवायची. माझ्यात दुसऱ्या कुणाला वाढायची नाही. जावई आला, त्याला चिनी मातीची खोलगट ताटली. भाऊ आला, त्यालाही तीच. बोर्श्च मात्र दोघांना पुरेल एवढा शिजायचा आणि उरलेला कोंबड्यांना जायचा.

मग गेल्या उन्हाळ्यात पारास्का एका परक्या माणसाला घेऊन आली. विल्मेर त्याचं नाव, समुद्रापलीकडच्या कोलंबियाचा, एका पायानं लंगडणारा. तो नाझारच्या तुकडीत लढला होता. आमच्या भाषेतले शब्द त्याला मोजकेच यायचे, त्यातल्या निम्म्या शिव्या, असं पारास्का दारातच सांगून मोकळी झाली.

तो टोपी काढून काही बोलू लागला तोच मोत्रियानं हातानं थांबवलं. "आधी जेव. उपाशी पाहुण्याला बोलायला लावत नाहीत आमच्यात."

खरं तर तिलाच ऐकायचं नव्हतं. ताटली काठोकाठ भरली तरी ती वाढतच राहिली.

विल्मेरनं बोर्श्च कधी चाखला नव्हता. तो लाल रंगाकडेच बघत बसला. तसला रंग त्यानं कुठं कुठं पाहिला असेल, कोण जाणे. मग त्यानं एक चमचा तोंडात घातला, गिळला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"लसूण लागला वाटतं," पारास्का म्हणाली.

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं की, नाझार खंदकात रोज हेच सांगायचा. बीट कसं चिरायचं, कोबी केव्हा टाकायचा, आई चरबी कशी कुटते. भुकेल्या पोरांनी ऐकूनच जेवणं उरकली होती. मोत्रिया हे ऐकून हसली. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि विचारलं, "कैदेत आहे का रे माझं पोर?"

विल्मेरनं चमचा खाली ठेवला. तो उठला, लंगडत फळीपाशी आला. कललेला, टवका उडालेला वाडगा त्यानं बरोबर ओळखला आणि मला खाली उतरवलं. पातेल्यातला उकळता बोर्श्च माझ्यात काठोकाठ ओतला, मला रिकाम्या खुर्चीपुढं ठेवलं, आणि चमचा ठेवला नाही.

आमच्याकडे मेलेली माणसं तोंडानं जेवत नाहीत, वाफेवर जेवतात. म्हणून त्यांच्या नावानं वाढलेलं कढत असावं लागतं. हेही नाझारनंच त्याला सांगितलं असणार.

पारास्कानं डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. मोत्रिया ताडकन उठली. मला उचललं आणि सगळा बोर्श्च पातेल्यात परत ओतून टाकला.

"माझ्या लेकाला वाफ पुरत नाही," ती म्हणाली. "दोन वेळा वाढावं लागतं त्याला."

मग तिनं विल्मेरची ताटली पुन्हा भरली आणि तो खाईस्तोवर समोर उभी राहिली. तो बिचारा रडत रडत सगळं खाऊन गेला.

उन्हाळा सरला. पानगळीत, मेलेल्यांच्या नावानं प्रार्थना होते त्या शनिवारी, पारास्का चर्चला बोलवायला आली, तेव्हा मोत्रियानं दार उघडलं नाही. तिनं मला खाली काढलं, भरलं आणि दोन्ही हातांनी धरून बसली. चटका बसत होता, तरी सोडलं नाही. वाफ दाट होती, मग विरळ झाली, मग एक धागा उरला, आणि तोही गेला. तेव्हा ती ओरडून रडली. लढाई सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

आता माझ्यात कुणी जेवत नाही. वाफ माझ्या वाट्याला येते आणि जाते. तुमच्या घरात कुणाचा असा हट्टानं आणलेला वाडगा असेल, तर त्याला वेडावाकडा म्हणून हसू नका. ज्याचा आहे त्याला त्यातलं गरम गरम खाऊ द्या, सांडू द्या, आपटू द्या. आई ओरडतेय तोवर सगळं ठीक आहे.