दुपारचा अंगठा

"अहो डॉक्टर, नीट दाबा ना. मागं रांग लागलीय," यंत्रापाशी बसलेली मुलगी म्हणाली.

डॉ. वाल्मिक कराळ्यांनी अंगठा पुन्हा काचेवर ठेवला. यंत्राने पुन्हा नकार दिला. शेवटी मागे उभ्या असलेल्या डॉ. हरेशने त्यांचा हात धरला, अंगठा आपल्याच पँटला पुसला आणि काचेवर दाबून धरला. हिरवा दिवा लागला.

"झाला सकाळचा. आता जेवल्यावर एक आणि संध्याकाळी एक. तीन अंगठे झाले की तुझे पॉइंट पुरे. मग तूही सुटलास आणि मीही सुटलो."

वाल्मिक "हं" म्हणाले. गेले चार महिने ते बहुतेक वेळा एवढेच म्हणत होते.

दर पाच वर्षांनी डॉक्टरला आपली नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. वैद्यक परिषदेकडे फी भरायची आणि अशा चर्चासत्रांना बसून पॉइंट जमवायचे; नाही तर प्रॅक्टिस करता येत नाही. वाल्मिकांच्या नोंदणीची मुदत या महिनाअखेरीला संपत होती आणि महिन्यातला हा शेवटचा रविवार होता. फी हरेशने परस्पर भरून टाकली होती. खोपोलीत त्याचे स्वतःचे हॉस्पिटल होते आणि कॉलेजपासूनचा मित्र असा घरी बसलेला त्याला बघवत नव्हता. आज सकाळी भिसेगावला जाऊन त्याने वाल्मिकांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातले होते.

एरवी हे सगळे वाल्मिकांची बायको छाया बघायची. नोंदणी, वीजबिल, नवऱ्याच्या चष्म्याचा नंबर, सगळे. त्यांच्या पोशीरच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर तीच बसायची, पुड्या बांधायची, कोणाला आधी आत सोडायचे ते ठरवायची. दिवाळीआधी ती गेली. वाल्मिकांना रडू आले नाही. भेटायला आलेल्यांनाच ते चहा विचारत राहिले. तेराव्यानंतर दवाखान्यात गेले, शटर अर्धे वर केले, ते बाहेरचे टेबल पाहिले आणि शटर खाली ओढून परत आले. हात बधिर झाला तर काय करायचे हे त्यांना पाठ होते. इथे अख्खा माणूसच बधिर झाला होता, त्याला काय करणार?

चर्चासत्र पोशीरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी नव्याने झालेल्या एका रिसॉर्टमध्ये होते. सभागृहात इतका गारठा की पुढच्या रांगेतल्या बाईंनी टेबलावरचे कापड ओढून खांद्यावर घेतले होते. परिषदेचे एक सदस्य, डॉ. नवनाथ, बोलायला उभे राहिले. विषय होता 'आपले शुल्क, आपली प्रगती'. पडद्यावर रंगीबेरंगी वर्तुळ होते. इमारतीचा नवा मजला हा त्यातला मोठा तुकडा. मग संगणक, वकील, निवडणूक, संमेलने. ग्रामीण आरोग्यसेवेचा तुकडा इतका बारीक होता की त्याचे नाव आत मावले नव्हते. ते बाहेर लिहून बाण काढला होता.

"साहेब, आमच्या फीचं नेमकं होतं काय?" मागून कोणीतरी ओरडले.

"हे काय, आत्ता तुम्ही एसीत बसलाय ना? हेच होतं!" नवनाथ म्हणाले. सगळे हसले. विचारणाराही हसला, कारण जेवणात मटण होते.

वाल्मिक समोरच्या वाटीतल्या पेपरमिंटच्या गोळ्या बघत बसले होते. नोंदणी राहिली काय आणि गेली काय, दोन्ही त्यांना सारखेच वाटत होते. हरेश मध्येच उठून जाऊ देणार नाही, म्हणून ते बसले होते.

जेवणाच्या सुट्टीत ते हात धुवायला गेले, तर तिथे लादी पुसणारी बाई फडके टाकून उभीच राहिली. वरच्या ठाकूरवाडीतली कोंडी. तिची दोन्ही बाळंतपणे अडली होती आणि दोन्ही वेळा वाल्मिकच तिला आपल्या गाडीत घालून कर्जतला घेऊन गेले होते.

"डाक्टर, तुमी बी आलाव? बरं झालं बाय. शिबिर कुठं बसणार हाय?"

"कसलं शिबिर?"

"अवो, एवढं डाक्टर आलंत ते! काल बॅनर लागला नि मी वाडीवर सांगून आले. सगली येऊन बसलीत, मागल्या गेटला. वाचमन आत सोडत नाय."

कोंडीचे काहीच चुकले नव्हते. तिच्या वाडीने एकापेक्षा जास्त डॉक्टर एकत्र पाहिले ते फक्त शिबिराला. बॅनर, टेबल, रांग, फुकटच्या गोळ्या. डॉक्टर स्वतःसाठीच एवढ्या संख्येने जमतात हे तिला कोण सांगणार? वाल्मिकांनाही ते सांगवेना. ते तिच्यामागून मागच्या गेटला गेले.

भिंतीच्या सावलीत पन्नासेक माणसे बसली होती. म्हातारी, लेकुरवाळ्या, पायाला चिंधी बांधलेला पोशा नावाचा एक गडी. वाल्मिकांना पाहिल्यावर सगळी उठून उभी राहिली आणि कोणी काही न सांगता त्यांनी रांग केली. वाल्मिकांनी हरेशच्या गाडीतून त्याचा स्टेथोस्कोप आणला. वॉचमनची खुर्ची मागून घेतली. पहिल्या पोराचा घसा बघितला. हे सगळे त्यांचे हात करत होते, ते आपले बघत होते.

पाच-सहा जण झाले असतील, तेवढ्यात नवनाथ बडीशेप चघळत तिथे आले.

"अरे वा! हे कुणाच्या डोक्यातून निघालं? ग्रामीण सेवेचं खातं यंदा मोकळंच पडलं होतं." त्यांनी आतून बॅनर मागवला आणि तो भिंतीला धरायला दोघांना उभे केले. आठ-दहा डॉक्टर वाल्मिकांच्या मागे येऊन उभे राहिले. एका डॉक्टरीणबाईंनी रांगेतल्या ललिताचे तान्हे मूल कडेवर घेतले. फोटो झाले. बॅनर गुंडाळून परत आत गेला, मूल ललिताकडे परत आले आणि आत घंटा वाजली.

हरेश धावत आला. "चल, दुपारचा अंगठा! दहा मिनिटांत यंत्र बंद करतात ते."

"अहो बायांनो, झालं शिबिर," वॉचमन म्हणाला. "घरी जा."

"आमची पाळी नाय आली ती?" पोशा म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. तो नुसते विचारत होता.

त्या वेळी वाल्मिकांच्या पुढे बुधाजी होता. सत्तरीचा, दम्याने पोखरलेला. "मोठा श्वास घे, आन् धरून ठेव," असे त्यांनी त्याला नुकतेच सांगितले होते. बुधाजीने तो घेतला होता. डॉक्टरांनी 'सोड' म्हटल्याशिवाय तो सोडत नव्हता. सदरा वर धरून, डोळे विस्फारून तो बसला होता.

"वाल्मिक, ऊठ रे बाबा!"

वाल्मिकांनी स्टेथोस्कोप पाठीवर सरकवला. "सोड," ते बुधाजीला म्हणाले. "परत घे."

असा काही निश्चय वगैरे त्यांनी केला नव्हता. एक झाला की पुढचा खुर्चीशी यायचा आणि त्याला बघितल्याशिवाय उठणे बरे दिसले नसते. असे करता करता उठायचे राहून गेले. हरेश काही वेळ डोक्याला हात लावून उभा होता. मग "निदान माझा तरी होऊ दे," म्हणून आत पळाला. औषधे नव्हतीच. चर्चासत्राच्या पिशवीत मिळालेल्या वहीची पाने फाडून वाल्मिक चिठ्ठ्या लिहून देत होते. पोशाच्या पायाला मात्र कोंडीने रिसॉर्टच्या पेटीतली मलमपट्टी आणून दिली, वर म्हणाली, "बघंल तर बघंल कोन."

उन्हे उतरली तेव्हा नवनाथ एक कागद घेऊन आले. हरेश मागे होताच.

"तुमचा दुपारचा अंगठा राहिला, कळलं मला," नवनाथ मायेने म्हणाले. "काळजी करू नका. शिबिराच्या आयोजकाला वेगळे पॉइंट असतात. इथं सही करा, तुमचं नूतनीकरण झालंच समजा."

वाल्मिकांनी वाचले. लाभार्थी तीनशे. मोफत औषधवाटप. रुग्णांना अल्पोपाहार.

"औषध कुणालाच मिळालं नाही," ते म्हणाले.

"अहो, ते कागदापुरतं असतं."

वाल्मिकांनी पेनाचे टोपण लावले आणि पेन त्यांना परत दिले. "नको."

"तुमची मर्जी. दुसरं कुणीही करील सही." नवनाथ खरोखरच रागावले नव्हते. कागदाची घडी घालून ते चहाकडे गेले.

हरेश मात्र भडकला. "अरे, एक सही! पस्तीस वर्षांची प्रॅक्टिस घालवतोयस एका सहीसाठी. छायावहिनी असत्या तर तुझा कान धरून घेतली असती."

"ती असती तर तिनं औषधं आणली असती."

ती कुठूनही आणायची, पोशीरच्या दुकानदाराशी भांडून, उधारीवर, आपल्या पदराला खार लावून. चार महिन्यांत पहिल्यांदाच ती नाही हे त्यांना दुखले. स्टेथोस्कोपची नळी मुठीत धरून ते खाली बघत राहिले. हरेशने तोंड दुसरीकडे केले.

सगळी माणसे डोंगराच्या वाटेला लागली होती. बुधाजी तेवढा बसून होता.

"तुझं झालं ना रं? का बसलास?" वाल्मिकांनी विचारले.

"इचारायचं व्हतं," बुधाजी म्हणाला. "पोशीरला दोनदा येऊन गेलो, डाक्टर. शटर बघितलं नि गेलो. बाय गेल्याचं कळलं व्हतं आमाला. पन तुमी कंदी बसणार?"

वाल्मिकांनी नाक पुसले.

"उद्या ये. सकालच्याला. खोकल्याचं औषध काढून ठेवतो तुज्यासाठी."

"उद्या?" हरेश हळूच म्हणाला. "अरे, मंगळवारी संपतेय तुझी नोंदणी."

"माहीत आहे मला." मग ते बुधाजीकडे वळले. "मंगळवारपर्यंत हाय मी तितं. वाडीत सगल्यांना सांग."

"बरं," बुधाजी म्हणाला. चिठ्ठी त्याने टोपीत खोचली आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. मंगळवारनंतर काय, असे त्याने विचारले नाही.