तलावाच्या तळाचा मालक

आयक बे प्रणित, मधात बोलू नको, फक्त आयक. तो पियुष आहे न, सोमाजी पाटलाचा, दिल्लीले कलेक्टर बनाले गेलता अन् नापास होऊन वापस आला, तो. त्यानं आमच्या गावच्या तलावावर दावा ठोकला. म्हंजे तलावावर नाई, तलावाच्या तळावर. हासू नको, खरंच.

झालं असं का पाटलाची धानाची बांधी तलावाले लागून आहे. तं हा शाना म्हणे, समुद्राचा आंतरराष्ट्रीय कायदा आहे. ज्या देशाले किनारा आहे, त्याले दोनशे सागरी मैलापावतर समुद्राचा तळ असाच भेटते. पण त्याची जमीन पाण्याखालून त्याच्याबी पुढं गेली असंन, तं तळाचा उतार कुठी संपते, गाळ किती जाड आहे, हे सारं मोजून तो पुढचाबी तळ मागू शकते. न्यूयॉर्कले कमिशन बसते, तिथं कागद द्या लागते. आपल्या देशानंबी देल्ले आहे. इथवर खरं आहे, मी मोबाईलवर पाह्यलं.

पण तो देशांचा कायदा होये. ह्यानं बापाच्या बांधीले लावला. म्हणे, "आमची बांधी पाण्याखालून तशीच पुढं जाते, नॅचरल आहे." मंग मोजणी. मोजणी कशी, तं हा साहेब तलावाच्या पारीवर छत्री घेऊन उभा, काऊन का पाण्यात जळवा आहेत. अन् त्यायचा सालदार कोलू गळ्यापावतर पाण्यात. कोलू गाळात बांबू खुपसे अन् वरडे, "दोन हात." हा मोबाईलमंदी टाके, "सेडिमेंट, दोन हात." असा आमचा शास्त्रज्ञ.

अन् हे सारं कायच्यासाठी, तं माह्या रंभामावशीच्या शिंगाड्यासाठी. तलावाचा ठेका आमच्या ढिवरांच्या सोसायटीचा. मासे सोसायटीचे, शिंगाडा ज्यानं लावला त्याचा. मावशी एकटी बाई, पावसाळ्यात पाण्यात उतरून पायाच्या अंगठ्यानं एकेक रोप गाळात दाबते. पह्यली तोड झालती. दुसऱ्या तोडीचा टपोरा दाणा ते बियाले ठेवते. बिनकाट्याचा वाण आहे तिचा, बाजारात पाह्यजे म्हटलं तं भेटत नाई.

मंग ग्रामसभा. पियुषनं भिंतीवर नकाशे देखवले. म्हणे, "तळ ज्याचा, त्याले वरचं पाणी भेटत नाई, पाण्यातले मासेबी नाई. पण तळाले चिकटून जे राह्यते, शिंपल्या-गिंपल्या, ते त्याचं. म्हून मासे ढिवरांचे, शिंगाडे आमचे. शिंगाड्याची मुळी गाळात आहे." अन् सारी सभा मान हालवून राह्यली. कोणाले काई समजलं नाई, पण इंग्रजी नकाशा पाह्यला का आमच्या गावची मान आपोआप हालते.

मी उठलो. म्हटलं, "ज्या तळावर दोघायचं भांडण आहे, तिथं तं दुसऱ्यानं हो म्हटल्याबिगर कमिशन हातच लावत नाई."

"तो कमिशनचा नियम आहे, अमर," तो म्हणे. "इथी कमिशन कुठी आहे? इथी ग्रामसभा आहे."

पाह्यलं? कायदा न्यूयॉर्कचा, पण अडला का गावचा. माहं डोस्कं सणकलं. म्हटलं, "मंग तरंगते ते कोणाचं?"

"तळाले लागून नाई ते आमचं नाई," तो म्हणे, मोठ्या मनाचा.

सरपंच चंचलबाईले घरी जायची घाई. "बरं, तसंच ठरलं," म्हणे. पियुषनं तिथंच सांगून टाकलं का उद्या तोडाले बाया आणतो.

सकाळी उजाडताच मावशीनं मले उठवलं, डोंग्यात बसवलं, पाण्याच्या मधात नेलं.

"बापू, तरंगते ते त्याचं नाई म्हणे न?"

"हो."

तिनं माह्या हातात विळा देल्ला. "मंग काप."

"मावशी, दाणा कवळा आहे. बियाले काय ठेवशीन?"

"ठेवला तं त्याच्या घरी जाईन," म्हणे. "काप."

कापलं मी. पाण्यात हात घालून घालून सारे वेल बुडातून कापले. अख्खं हिरवं तरंगून आमच्या बाजूले लागलं. तेवढ्यात पियुष आला, बुटासकट, मांगं बाया. पाह्यलं अन् म्हणे, "हे कायद्यात बसत नाई."

मावशी म्हणे, "पाण्यात ये न बापू. तळाले जे लागून आहे, ते घेऊन जा."

बाया पदर तोंडाले लावून हासून राह्यल्या. ह्यानं कोलूले पाण्यात धाडलं. कोलूनं पायानं चाचपलं, बुडी मारली अन् मूठभर गाळ आणून त्याच्या समोर धरला. "घ्या मालक. एवढंच आहे." पियुष गेला तो घराबाहीर निंघत नाई आता. निंघू बी नये.

आम्ही लय हासलो. मंग मावशीनं एक शिंगाडा सोलला. आतमंदी दूधच होतं नुसतं. दुसरा सोलला, तसाच. बियाजोगता एकबी दाणा नाई. तिनं टरफलं पाण्यात टाकली अन् डोंगा काठाले घेतला. मले काई म्हटलं नाई. आजबी नाई म्हणत.

तू सांग प्रणित. विळा तुह्या हातात असता, अन् मावशी समोर बसून राह्यली असती, तं तू काय केलं असतं?